धुरावरच्या मटणासाठी पेलेट ग्रिल की कोळशाचं?

प्रश्न : आम्ही बडोद्यात राहतो, घराला मोठी गच्ची आहे. मटण धुरावर शिजवायला कोणतं ग्रिल घ्यावं?

उत्तर : कोळशाचंच घ्या, घट्ट झाकणाचं आणि वर-खाली झरोके असलेलं. पेलेट ग्रिलमध्ये लाकडाच्या भुशाच्या गोळ्या विजेवर आपोआप पुढे सरकतात, आचही तेच सांभाळतं. सोय मोठी, पण वीज गेली की सगळं ठप्प. शिवाय पावसाळी दमट हवेत गोळ्या फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो. आणि एक कळकळीने सांगतो : गुजरातेत बॉयलरसाठी भुईमुगाच्या टरफलांचा, शेतातल्या काडीकचऱ्याचा ‘व्हाइट कोल’ मिळतो. तो अन्नाखाली कधीही जाळू नका. त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते.

बाभळीचा कोळसा एका कडेला पेटवा. निखाऱ्यांवर राख धरली की आंब्याच्या वाळक्या लाकडाचा तुकडा ठेवा. मटणाचा खांदा दुसऱ्या कडेला. आतली हवा ११० ते १२० अंश सेल्सियसवर राहील इतपतच झरोके उघडा. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा, दाट धूर मांस कडू करतो. मांस आतून ९० अंशांच्या पुढे गेलं की हाडापासून सुटू लागतं. घाई करू नका, यात अर्धा दिवस सहज जातो. पाऊस आला म्हणून ग्रिल बंद खोलीत मात्र आणू नका, निखाऱ्यांचा वायू जीवघेणा असतो.