पद्मिनी कोठे गेली?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नळदुर्ग आणि येणेगूर ही गावे मागे टाकली की उमरगा लागते. धाराशिव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. येथून थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द सुरू होते. उमरग्याला रेल्वे नाही. त्यामुळे बाजार, दवाखाना, शाळा-कॉलेज, पाहुणेरावळे असा गावाचा सारा व्यवहार या रस्त्याच्या आधारानेच चालत आला आहे. रात्र असो वा दिवस, या रस्त्यावरून वाहनांची रांग कधी तुटत नाही. मालमोटारी, एस. टी. च्या गाड्या, उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि नाना रंगांच्या, नाना आकारांच्या लहान मोटारी सारख्या धावत असतात.

मुलांनो, या रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी, घटकाभर उभे राहून मोटारींची नावे टिपू लागलात, तर तुमची वही पाहता पाहता भरून जाईल. परंतु त्या यादीत दोन नावे बहुधा येणार नाहीत. तुमच्या आजोबांच्या तरुणपणी लहान मुलेसुद्धा ती नावे दुरून ओळखीत असत. एक फियाट, म्हणजेच पुढे पद्मिनी झालेली मोटार, आणि दुसरी अँबॅसेडर. एके काळी 'मोटार' म्हटले की या दोहोंपैकीच एक डोळ्यांसमोर उभी राही. आज त्या गेल्या कोठे? आणि का गेल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला एका सोलापूरकराच्या घरापासून आरंभ करावा लागतो.

उमरग्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या सोलापूर शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी रेल्वेमार्ग बांधण्याची कंत्राटे घेतली. बार्शी लाईट रेल्वेच्या कामातही त्यांचा वाटा होता. जी वस्तू परदेशातून आणावी लागते ती आपल्या देशात का होऊ नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसे. त्यांनी १९१९ साली सिंदिया कंपनीच्या द्वारे भारतीय मालकीची आगबोट समुद्रावर सोडली. १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मोटारीही येथेच व्हाव्यात म्हणून ते अमेरिकेस गेले आणि तेथील कारखानदारांशी त्यांनी बोलणी केली. त्या वेळच्या परकीय सरकारकडून या कामास उत्तेजन मिळाले नाही. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून १९४७ साली पहिले वाहन बाहेर पडले.

पुढे या कंपनीने इटलीतील फियाट कंपनीशी करार केला. १९५४ पासून कुर्ल्यात 'फियाट ११००' ही मोटार तयार होऊ लागली. हा अकराशेचा आकडा कशाचा, असे तुम्ही विचाराल. मोटारीच्या इंजिनातील ज्या सिलिंडरांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचा भडका उडून शक्ती निर्माण होते, त्यांची एकूण पोकळी १०८९ घन सेंटीमीटर होती. म्हणजे जवळजवळ अकराशे. त्याच आकड्यावरून इटलीत हिला 'मिलेचेंतो', म्हणजे 'अकराशे', असे म्हणत. आपल्याकडील लोकांनी मात्र तिच्या गुबगुबीत आकारावर आपल्या परीने शिक्कामोर्तब केले. सुरुवातीच्या नमुन्याला ते गमतीने 'डुक्कर फियाट' म्हणू लागले! या मोटारीत वेळोवेळी किरकोळ बदल झाले. १९७४ च्या सुमारास तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे ठेवण्यात आले. चितोडच्या राणीचे हे नाव लोकांच्या तोंडी लवकरच रुळले. वालचंदांनी मात्र फियाटचे हे वैभव पाहिले नाही. १९५३ सालीच त्यांचे निधन झाले होते.

याच काळात बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसेडर तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून ती घेतलेली होती. अंगाने भरदार, पाठ गोलाकार आणि चाल संथ अशी ही मोटार मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांच्या उपयोगी पडे. १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात स्टँडर्ड हेराल्ड ही तिसरी मोटार निघू लागली. बाहेरच्या मोटारींवर भारी जकात असे आणि आयातीवर निर्बंध असत. म्हणून सामान्य ग्राहकाला या दोन-तीन नावांपलीकडे निवड नव्हती. बरे, पैसे मोजले म्हणून मोटार लगेच दाराशी येई असेही नाही. कारखान्यांनी किती मोटारी काढाव्यात हे सरकारी परवान्यावर ठरे, आणि मागणी तर त्याहून फार मोठी. नाव नोंदवून अनेक वर्षे वाट पाहावी लागे.

म्हणून तालुक्याच्या गावी मोटार असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकीच असत. एखादे डॉक्टर, एखादे वकील, एखादे अडत व्यापारी. परंतु घर एकाचे असले तरी मोटार बहुधा साऱ्या आळीची असे. कोणाच्या घरी लग्न निघाले की नवरानवरीसाठी तीच मोटार फुलांनी सजे. तुळजापूरला भवानीच्या दर्शनास जायचे ठरले की तिच्यात माणसे दाटीवाटीने बसत. मध्यरात्री कोणी अत्यवस्थ झाले, तर त्याच दाराची कडी वाजे आणि तीच मोटार रोग्याला घेऊन सोलापूरच्या वाटेला लागे. या मोटारींची रचनाही अशा उपयोगाला सोयीची होती. गियर बदलण्याचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाजवळच बसविलेला असल्यामुळे पुढची बैठक बाकासारखी सलग असे. तीत चालकाशेजारी दोघे जण सहज मावत. आणि टपावरच्या लोखंडी जाळीत वळकट्या व ट्रंका बसत.

या मोटारींचा सर्वांत मोठा गुण मात्र निराळाच होता. त्या बिघडत पुष्कळ. पण दुरुस्तही लवकर होत. मराठवाड्यातील उन्हाळा कसा असतो हे तुम्ही जाणताच. भर दुपारी चढाच्या रस्त्यावर इंजिन तापे आणि रेडिएटरमधील पाणी उकळू लागे. मग मोटार झाडाखाली थांबवून, इंजिन निवू देऊन, त्यात पाणी ओतीत. म्हणून जाणता चालक पाण्याचा डबा घेतल्यावाचून घर सोडीत नसे. कधी कधी पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि पंपाला ते ओढता येत नसे. अशा वेळी पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि मोटार चालू लागे! कचरा अडकला तर कार्बोरेटर उघडून साफ करीत. ठिणगी पडेनाशी झाली तर प्लग काढून घाशीत. झाकण उघडताच इंजिनाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि पान्याला सापडे. हमरस्त्यावरील गावांत अशी कामे करणारे मिस्त्री असत. त्यांतील कित्येकांनी पुस्तक उघडले नव्हते. पण आवाज ऐकून दुखणे सांगण्याइतके त्यांचे कान तयार झालेले होते. वीस-वीस, तीस-तीस वर्षे या मोटारी धावल्या, त्याचे श्रेय कारखान्याइतकेच या हातांना आहे.

मग इतकी गुणी मोटार रस्त्यावरून नाहीशी का झाली? याचे उत्तर थोडे कटू आहे. पण ते समजून घेतले पाहिजे. ज्याला स्पर्धेची भीती नाही, त्याला सुधारणेची घाई वाटत नाही. ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसेडर घेतली, तो नमुना इंग्लंडमध्ये १९५९ साली बंद झाला. इटलीत फियाट ११०० या जातीच्या मोटारी १९६९ पर्यंतच निघाल्या. आपल्याकडे मात्र तेच नमुने थोड्याफार फरकाने पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. जगात मोटारी हलक्या होत होत्या, कमी पेट्रोलवर अधिक अंतर कापू लागल्या होत्या. आणि आपल्या मोटारी जेथल्या तेथे उभ्या होत्या. ग्राहक रांगेत उभाच होता. मग नवे करण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत?

डिसेंबर १९८३ मध्ये ही स्थिती पालटली. दिल्लीजवळील गुडगाव येथे जपानमधील सुझुकी कंपनीच्या सहकार्याने तयार झालेली मारुती ८०० ही मोटार बाजारात आली. तिच्या इंजिनाची पोकळी ७९६ घन सेंटीमीटर, म्हणजे फियाटहून कमी. परंतु तिच्या रचनेत मोठे चातुर्य होते. जुन्या मोटारींत इंजिन पुढे असे आणि शक्ती मागच्या चाकांना दिली जाई. त्यासाठी एक लांब, जड पोलादी दांडा मोटारीच्या पोटाखालून मागे नेलेला असे. मारुतीत इंजिन पुढे आडवे बसविले होते आणि ते पुढचीच चाके फिरवी. लांब दांड्याची गरज उरली नाही. मोटार हलकी झाली आणि लहान आकारातही आत बसायला जागा मिळाली. अँबॅसेडरचे वजन अकराशे किलोंहून अधिक होते, तर मारुतीचे साडेसहाशे किलोंच्या आसपास. ओझे कमी झाले की पेट्रोलही कमी लागणार, हे उघडच आहे.

१९९१ नंतर सरकारने उद्योगांवरील निर्बंध सैल केले आणि अनेक देशी-परदेशी कंपन्यांच्या मोटारी बाजारात उतरल्या. २००० सालापासून धुरासंबंधीचे नियमही वरचेवर कडक होत गेले. जुन्या इंजिनांना ते पाळणे अवघड होते. सन २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपाने ती आणखी काही वर्षे दिसत राहिली. परंतु टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथूनही तिने निरोप घेतला. अँबॅसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या मारुती ८०० ने या दोघींना मागे टाकले, तिचेही उत्पादन त्याच वर्षी, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये, थांबले. आज हमरस्त्यावर तीही क्वचितच दिसते. मग दोहोंत फरक काय? फरक हा की, मारुती ८०० थांबली तेव्हा तिच्याच कारखान्याने तिच्याहून सरस अशा मोटारी आधीच तयार केलेल्या होत्या. तिची जागा तिच्याच वंशाने घेतली. पद्मिनीला असा वारस लाभला नाही. वस्तू जुनी होणे हा दोष नव्हे. ते तर प्रत्येक वस्तूच्या नशिबी आहे. जुनी वस्तू पुढच्या वस्तूला जन्म न देता संपून जाणे, ही खरी हानी होय.

म्हणून पद्मिनीकडून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. एक तिच्या गुणापासून आणि दुसरी तिच्या उणिवेपासून. हाती असलेली वस्तू बिघडताच टाकून देऊ नये. ती उघडून पाहावी, समजून घ्यावी, दुरुस्त करावी. हा झाला गुण. परंतु वस्तू चालते आहे एवढ्यावर समाधान मानून बसू नये. ती अधिक चांगली कशी होईल याचा विचार सतत करावा. ही उणीव भरून काढणे तुमच्या पिढीच्या हाती आहे. नव्या मोटारींत आता विजेवर चालणारी यंत्रे आणि संगणक आले आहेत. त्यांचे दुखणे केवळ कानाने ऐकून कळत नाही. त्यासाठी शिक्षण हवे. सोलापूरच्या एका मुलाने मोठेपणी 'हे येथे का होऊ नये?' असे विचारले, म्हणून कुर्ल्यात मोटार तयार झाली. तोच प्रश्न उद्या उमरग्याच्या एखाद्या मुलीने वा मुलाने विचारावा. रस्ता तर दारावरूनच जातो आहे.

अभ्यास

१. वालचंद हिराचंद यांनी कोणकोणत्या उद्योगांत पुढाकार घेतला?

२. तालुक्याच्या गावी एका घरची मोटार 'साऱ्या आळीची' असे, असे लेखकाने का म्हटले आहे?

३. पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळल्याने बंद पडलेली मोटार पुन्हा कशी चालू होई?

४. मारुती ८०० ही जुन्या मोटारींहून हलकी का होती?

५. 'तिची जागा तिच्याच वंशाने घेतली' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

६. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांस त्यांनी पाहिलेल्या जुन्या मोटारींविषयी विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहून काढा.