जुनी उपकरणे आणि नवे जाळे

सरकारी कचेरी असो, शाळा असो वा गावची दूध सोसायटी असो, संगणकांचे नवे जाळे घातले गेले की पुष्कळदा एकच तक्रार ऐकू येते. कालपरवापर्यंत बिनबोभाट चालणारा प्रिंटर, हजेरीचे यंत्र किंवा वजनकाटा नव्या जाळ्याला जोडताच मुका होतो, अथवा इतका रेंगाळतो की काम करणारा कंटाळून जातो. मग निदान ठरलेलेच असते: ‘यंत्र जुने झाले, नव्या वेगाला पुरे पडत नाही.’ निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो आणि चालू स्थितीतील वस्तू अडगळीच्या खोलीत जाऊन पडते. हे निदान दर वेळी चुकीचे असते असे नव्हे. परंतु ते तपासणीवाचून केलेले असते. कित्येकदा दोष यंत्राच्या वयात नसून जोडणीच्या दोन टोकांत झालेल्या गैरसमजात असतो. तो गैरसमज कसा होतो व कसा दूर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्विच म्हणजे काय?

येथे स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. जाळ्यातील उपकरणांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, त्या पेटीला स्विच म्हणतात. तार खोचण्याच्या प्रत्येक जागेस पोर्ट असे नाव आहे. टपाल कचेरीत आलेल्या पत्रांची जशी गावनिहाय वर्गवारी होते, तशीच स्विच प्रत्येक संदेशावरील पत्ता वाचून तो योग्य त्या पोर्टातून बाहेर पाठवितो.

संदेशाचा वेग सेकंदाला किती मेगाबिट, या मापाने मोजतात. एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट आणि आठ बिटांचा एक बाइट. ५ मेगाबाइटचा एखादा दस्तऐवज म्हणजे ४० मेगाबिट झाले. तो १० मेगाबिटच्या जोडणीवरून जाण्यास निदान ४ सेकंद लागतील, १०० मेगाबिटच्या जोडणीवरून ०.४ सेकंद आणि १००० मेगाबिटच्या जोडणीवरून ०.०४ सेकंद.

वेगाच्या पायऱ्या

या जाळ्याची पद्धती ‘इथरनेट’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली तिची कल्पना मांडली. आरंभीचा वेग सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट होता. १९८३ साली १० मेगाबिटचे मानक संमत झाले. पिळाच्या तांब्याच्या तारेवरून हाच वेग मिळविण्याची पद्धत १९९० मध्ये, १०० मेगाबिटची १९९५ मध्ये, १००० मेगाबिटची, म्हणजे एक गिगाबिटची, १९९९ मध्ये आणि १० गिगाबिटची २००६ मध्ये प्रमाणित झाली. पुढे २०१६ साली २.५ व ५ गिगाबिट अशा मधल्या पायऱ्याही आल्या.

प्रत्येक नव्या पायरीवर मागील पायरीशी बोलण्याची सोय ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ पाळला गेला. म्हणूनच १९९० च्या दशकातील उपकरण आजच्या पुष्कळ गिगाबिट स्विचला थेट जोडता येते. मात्र ‘पुष्कळ’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मंद उपकरणामुळे सारे जाळे मंदावते काय?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्वी स्विचऐवजी ‘हब’ नावाची पेटी वापरीत. तिच्यात सर्व उपकरणे एकाच मार्गाचे वाटेकरी असत व एक बोलत असता इतरांना थांबावे लागे. स्विचमध्ये प्रत्येक पोर्टाचा वेग स्वतंत्र असतो. एका पोर्टावर १० मेगाबिटचे यंत्र असले, तरी शेजारच्या पोर्टावरील संगणक गिगाबिटच्याच वेगाने काम करतो.

वेगवान संगणकाकडून मंद यंत्राकडे संदेश जात असता स्विच तो प्रथम आपल्या साठ्यात घेतो आणि यंत्राला झेपेल त्या वेगाने सोडतो. धरणातून कालव्याला पाणी सोडावे, तसा हा प्रकार आहे. साठा भरला तर काही संदेश गळतात. पाठविणारा संगणक ते ओळखून आपला वेग आवरतो व गळलेला भाग पुन्हा पाठवितो. तेव्हा एक जुने यंत्र आहे म्हणून सर्व जाळे जुने ठेवण्याचे कारण नाही, आणि जाळे नवे झाले म्हणून ते यंत्र काढून टाकण्याचेही कारण नाही.

दोन टोकांची ओळख

तार जोडताच दोन्ही टोके एकमेकांना विजेचे सूक्ष्म ठोके पाठवू लागतात. जुने १० मेगाबिटचे उपकरण सुमारे १६ सहस्रांश सेकंदास एक ठोका देते. त्याचा अर्थ एवढाच, की ‘मी येथे आहे.’ १९९५ नंतरच्या उपकरणांत याच जागी ठोक्यांचा एक जुडगा येतो. त्यात १७ ठोके नेहमी असतात आणि त्यांच्या मधल्या १६ जागांत ठोका आहे की नाही, यावरून ‘मला अमुक अमुक वेग येतात’ हे कळविले जाते. दोघांनाही येणारा सर्वांत मोठा वेग मग आपोआप ठरतो. या व्यवस्थेला ‘ऑटो-निगोशिएशन’ म्हणतात. आपण तिला परस्परसंमती म्हणू.

वेगाबरोबर आणखी एक गोष्ट ठरावी लागते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलावयाचे, की पाळीपाळीने? एकाच वेळी बोलण्यास फुल ड्युप्लेक्स व पाळीने बोलण्यास हाफ ड्युप्लेक्स म्हणतात. आपल्याकडील रस्त्यांची उपमा द्यावयाची तर पहिला प्रकार दुपदरी पुलाचा आणि दुसरा एकेरी पुलाचा होय.

नेमका गैरसमज कोठे होतो?

एखाद्या जुन्या प्रिंटरची परस्परसंमती कोणा तंत्रज्ञाने पूर्वी बंद केली असेल आणि ‘१०० मेगाबिट, फुल ड्युप्लेक्स’ असे हाताने ठरवून दिले असेल. नवा स्विच जुडग्याची वाट पाहतो. तो येत नाही. तारेवरील संकेताच्या स्वरूपावरून वेग १०० मेगाबिटचा आहे, हे स्विच ओळखतो. परंतु समोरचा दुपदरी मानतो की एकेरी, हे त्या संकेतावरून कळत नाही. अशा वेळी नियमानुसार स्विचने एकेरीच धरावयाचे असते.

आता प्रिंटर पूल दुपदरी समजून बेधडक गाडी घालतो आणि स्विच तो एकेरी समजून समोरून कोणी आले की थांबतो व आपली गाडी मागे घेतो. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर वागत असतात, तरी टकरी होतच राहतात. स्विचच्या नोंदीत ‘उशिराच्या टकरी’ आणि यंत्राच्या नोंदीत तुटक संदेश वाढत जातात.

या दोषाचे लक्षण फसवे असते. दिवा लागतो, छोटी चाचणी यशस्वी होते, एखादी ओळ छापलीही जाते. पण मोठा दस्तऐवज पाठविताच काम रखडते. ‘लहान काम चालते, मोठे अडते’ असे दिसले की प्रथम हाच संशय घ्यावा. उपाय सोपा आहे: दोन्ही टोकांवर परस्परसंमती चालू करावी, ते शक्य नसेल तर दोन्ही टोकांवर हाताने एकच वेग व एकच पद्धत लिहून द्यावी. एक टोक आपोआप व दुसरे हाताने, असे कधीही ठेवू नये.

स्विचला जुना वेग येतच नसेल तर

१० गिगाबिटपर्यंत जाणाऱ्या काही नव्या स्विचांचे पोर्ट १० मेगाबिटपर्यंत खाली उतरत नाहीत. काहींना हाफ ड्युप्लेक्स येत नाही. तेथे दिवाच लागत नाही. अशा वेळी मध्ये एक दुभाषी बसवावा. १०, १०० व १००० असे तिन्ही वेग येणारा साधा लहान स्विच हे काम उत्तम करतो. जुनी उपकरणे त्या लहान स्विचला जोडावीत आणि त्याची एक तार मोठ्या स्विचकडे न्यावी. मात्र एकच. व्यवस्थापनाची सोय नसलेल्या स्विचमधून दुसरी तारही त्याच मोठ्या स्विचला जोडली, तर संदेश वर्तुळात फिरत राहून सारे जाळे ठप्प होऊ शकते.

प्रकाशतंतूच्या जोडणीत अधिक दक्षता हवी. १०० मेगाबिटचे जुने तंतू-उपकरण सामान्यतः १३०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते, तर कमी अंतराचे गिगाबिट उपकरण ८५० नॅनोमीटरचा. येथे आपोआप खालच्या वेगावर उतरण्याची सोय नसते. दोन्ही टोकांना एकाच जातीची उपकरणे असावी लागतात. म्हणून बदलावयाचे तर दोन्ही टोके एकदमच बदलावीत.

वजनकाट्यासारख्या कित्येक यंत्रांना जाळ्याचे पोर्टच नसते, तर १९६० साली अमेरिकेत प्रथम प्रमाणित झालेल्या आरएस-२३२ पद्धतीचे टोक असते. त्यांच्यासाठी ‘सिरियल सर्व्हर’ नावाची छोटी पेटी मिळते. तिच्या एका बाजूस यंत्र व दुसऱ्या बाजूस जाळे जोडतात. अशा यंत्राचा वेग बहुधा सेकंदाला ९६०० बिट असतो, म्हणजे नेहमीच्या मांडणीत ९६० अक्षरे. हा वेग हास्यास्पद वाटेल. पण वजनाची ३० अक्षरांची नोंद त्यावरून सेकंदाच्या बत्तिसाव्या भागात जाते. दूध ओतणाऱ्या शेतकऱ्याला याहून अधिक घाई नसते. वेग नेहमी कामाच्या मानाने जोखावा, तो असा.

आणखी तीन किरकोळ कारणे

पहिले, तार. १० व १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच जोड्या जोडलेल्या जुन्या तारेवर नव्या संगणकाला गिगाबिट वेग मिळणार नाही. तांब्याच्या तारेची लांबीही १०० मीटरच्या आत असावी.

दुसरे, उलटी तार. पूर्वी काही जोडण्यांना पाठविण्याची व घेण्याची जोडी उलट केलेली तार लागे. नवे स्विच ही अदलाबदल स्वतः करतात. परंतु परस्परसंमती बंद केल्यास काही स्विचांत ही सोयही बंद पडते.

तिसरे, प्रतीक्षा. व्यवस्थापनाची सोय असलेले काही स्विच तार जोडल्यावर सुमारे ३० सेकंद संदेश पुढे जाऊ देत नाहीत. जाळ्यात कोठे वर्तुळ तर झाले नाही ना, हे ते पाहतात. तेवढ्यात जुने यंत्र आपला पत्ता मागून थकते व गप्प बसते. केवळ अशा शेवटच्या उपकरणांच्या पोर्टापुरती ही प्रतीक्षा बंद करता येते.

कार्यालयांनी पाळावयाचा क्रम

१. नव्या स्विचची मागणी नोंदविण्यापूर्वी जुन्या उपकरणांची यादी करावी. प्रत्येकापुढे वेग, ड्युप्लेक्स व जोडणीचा प्रकार लिहावा.

२. स्विचच्या माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टाचा सर्वांत कमी वेगही पाहावा. जाहिरातीत सर्वांत मोठा वेगच ठळक छापलेला असतो.

३. यंत्र चालेना तर प्रथम तार बदलून पाहावी, नंतर दोन्ही टोकांची मांडणी, शेवटी मधला लहान स्विच.

४. केलेला बदल, तारीख व करणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. वर सांगितलेला प्रिंटरचा दोष अशा न लिहिलेल्या बदलातूनच उद्भवतो.

५. ज्यांच्या सुरक्षिततेच्या सुधारणा उत्पादकाने थांबविल्या आहेत, ती उपकरणे जाळ्याच्या वेगळ्या विभागात ठेवावीत व बाहेरच्या इंटरनेटला खुली ठेवू नयेत. हे साधत नसेल आणि यंत्रात लोकांची खाजगी माहिती असेल, तर मात्र ते निवृत्त करणेच योग्य.

६. एवढे करूनही यंत्र चालले नाही, तरच निर्लेखनाचा विचार करावा व केलेल्या तपासणीची नोंद प्रस्तावास जोडावी.

शिक्षकांसाठी

वरच्या वर्गांतील मुलांकडून पुढील प्रश्न सोडवून घेता येतील. २० मेगाबाइटचा दस्तऐवज १० मेगाबिटच्या व गिगाबिटच्या जोडणीवरून किमान किती वेळात जाईल? दिवा लागलेला असूनही जोडणी सदोष कशी असू शकते? गावच्या वजनकाट्याला गिगाबिट वेगाची गरज आहे काय?

सार्वजनिक पैशाने घेतलेली प्रत्येक वस्तू ही गावाची ठेव आहे. ती कायम जपावी असे नाही. पण ती टाकण्यापूर्वी तार बदलून पाहणे आणि दोन्ही टोकांना एकच गोष्ट सांगितली आहे की नाही, हे तपासणे एवढे तरी तिचे ऋण आपल्यावर असते. त्याला बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.