हंपीला एकटी निघालेल्या भाचीस

सोलापूर

चि. सोनू हिस,


बेंगळुरूच्या शाळेतलं काम तुझ्या अंगवळणी पडलं आणि जोडून सुट्टी आली म्हणून तू एकटीच हंपीला निघालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिचा लेस्टरहून फोन आला तोच मुळी, "ताई, तिला तूच काहीतरी सांग," असा. मी तुला अडवीन अशी तिची अपेक्षा असावी. मी अडवणार नाही. जा, आणि एकटीच जा. चार जण बरोबर असले की एकमेकांचे फोटो काढण्यात सकाळ जाते आणि उन्हं तापली की सगळ्यांना भूक लागते.

आधी नावडतं बोलून घेते. 2025 च्या मार्चमध्ये हंपीजवळ सानापूरला, रात्री कालव्याकाठी बसलेल्या लोकांवर हल्ला झाला. दोन बायकांवर अत्याचार झाले, एक तरुण पाण्यात बुडून गेला. तिथे बसलेले पाच जण होते, म्हणजे सोबत होती तरी टळलं नाही. तेव्हा वेळ आणि जागा या दोन्हींचं भान ठेव. दिवेलागणीच्या आत मुक्कामावर परत. मातंग टेकडीवरून सूर्योदय सुरेख दिसतो, पण त्यासाठी पहाटेच्या अंधारात एकटीनं चढायचं नाही. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ओळखीचा माणूस बरोबर घे. नदीपलीकडे आनेगुंदीला गेलीस तर परतीची शेवटची होडी किती वाजता, हे अलीकडच्या काठावरच विचार. तुंगभद्रेत पाय बुडवायलाही उतरू नकोस. खाली खडक आहेत, भोवरे आहेत, आणि वर धरण आहे. फोनवरचं लोकेशन आईला दिसत राहू दे, त्यानं तुझं स्वातंत्र्य कमी होत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड जवळ ठेव, म्हणजे तिकीट आपल्या दरानं मिळेल. झालं, संपली मावशीगिरी.

आता खरं सांगायचं ते. हंपीत पाऊल ठेवलंस की जो तो तुला पडझड दाखवील. 1336 मध्ये हरिहर-बुक्कांनी विजयनगरचं राज्य उभं केलं, कृष्णदेवरायाच्या काळात ते वैभवाच्या शिखरावर गेलं, 1565 ला तालिकोटच्या लढाईत राज्याचा कारभार पाहणारा रामराय पडला आणि दख्खनच्या सुलतानांच्या फौजांनी शहर लुटून जाळलं. गाइड हे दहा मिनिटांत उरकतो आणि तुझ्या चेहऱ्यावर हळहळ उमटली की पुढच्या देवळाकडे नेतो. घटना खरी आहे, पण तिची जी सरळसोट गोष्ट केली जाते तिच्यावर लगेच विसंबू नकोस. हाच रामराय तरुणपणी गोवळकोंड्याच्या सुलतानाच्या चाकरीत होता. याच राजधानीत 1439 मध्ये, दुसऱ्या देवरायाच्या अमलात, अहमद खान नावाच्या अधिकाऱ्यानं मशीद बांधली आणि ती अजून उभी आहे. हत्तीखान्याचे घुमट बघ, कमलमहालाच्या कमानी बघ, आणि ही घडण कुठून कुठून आली असेल याचा तुझा तू विचार कर. हजारराम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर घोड्यांच्या रांगाच रांगा कोरल्यात. ते घोडे समुद्रापलीकडून यायचे. आधी अरब व्यापारी आणायचे, पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्या व्यापारावर कब्जा केला.

पडलेलं कुणालाही दिसतं. तिथे अजून चालू काय आहे, ते तू शोध. विरूपाक्षाच्या देवळात आजही पूजा होते, लग्नं लागतात. तिथून राजवाड्यांच्या भागाकडे निघालीस की मध्ये केळीच्या बागा आणि भाताची खाचरं लागतात. सगळे तिथून रिक्षानं भुर्रकन जातात. तू उतर. त्या खाचरांना पाणी देणारा तुर्तू कालवा विजयनगरच्या राजांच्या काळातला आहे. राजवंश संपले, बाजार ओस पडले, पाणी मात्र वाहतंय. माझ्या मते हंपीतली सगळ्यात मोठी वास्तू ही, आणि तिला तिकीट नाही.

महानवमी डिब्बा या दगडी चौथऱ्याजवळची पुष्करणीही अशीच सावकाश बघ. काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात उत्खननात निघाली. दगडांवर बारीक खुणा दिसतील : कुठली बाजू, कितवी पायरी, त्या पायरीत कितवा दगड. गवंड्यांनी जुळणीसाठी घातलेल्या. राजांची नावं शिलालेखांत असतात, कामकऱ्याचा हात इतक्या जवळून क्वचितच दिसतो. खांबांवरून नेलेली दगडी पन्हळही तिथेच आहे, तिचा उतार कुठून कुठे जातो ते चालत जाऊन बघ.

विठ्ठल मंदिरात सगळे दगडी रथापुढे गर्दी करतील. तू गाभाऱ्यात डोकाव. आत मूर्ती नाही. कृष्णदेवरायानं पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतिहासकार ते सगळेच मानत नाहीत. तुझ्या आजीला मात्र त्यात तिळमात्र शंका नव्हती. तिथल्या खांबांतून सूर निघतात म्हणून वाजवून बघू नकोस. 2019 मध्ये काही पोरांनी इथल्याच एका देवळाचा खांब ढकलून पाडला आणि व्हिडिओ काढला. कोर्टानं दंड केला आणि खांब पुन्हा उभा करायला लावलं. चांगलं केलं.

अजून एक, हे तुझ्या कामाशी लागून आहे. विरूपाक्षासमोरच्या बाजारात दुतर्फा मंडपांच्या ओळी आहेत. त्यांत माणसं राहत होती, चहाच्या टपऱ्या होत्या, शिलाईची मशिनं होती. जुलै 2011 मध्ये बुलडोझर आले आणि घरं गेली. वारसा वाचवायचा म्हणून हलवलं, असं सरकारचं म्हणणं. दगडाला धक्का पोचत होता हेही खोटं नव्हतं. पण ज्यांची चूल त्या मंडपात पेटत होती त्यांना कड्डीरामपुराला पाठवताना कुणी धड विचारलं नाही, असं माझं मत आहे. चहा पिताना कुणी त्यातलं भेटलं तर ऐकून घे. मध्येच उपाय सुचवू नकोस. बाहेरून सेवेला आलेल्या माणसाच्या ओठावर उपाय फार लवकर येतो. तुझ्या शाळेतही असं होत असेल, नाही का? तू तिथे चार दिवसांची पाहुणी आहेस. तू निघाल्यावर तुझ्या वर्गाचं काय चालू राहील, याचा विचार आतापासून कर आणि तिथल्या बाईंना बरोबर घेऊन कर.

सकाळी लवकर बाहेर पड, अकरानंतर खडक तापतात. केळी पिशवीत खोल ठेव, माकडं हातातून ओढून नेतात. मिरची भजी खा, पाणी बाटलीतलंच पी.

आणि माझं एक काम कर. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे तिथे कोण ठरवतं, ते एखाद्या शेतकऱ्याला विचार. शाळेतल्या पोरांनी तुला शिकवलेलं मोडकंतोडकं कानडी तेवढ्याला पुरेल. माझं दर खेपेला विचारायचं राहून गेलं. काय उत्तर मिळालं ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी