लाडवांचा डबा तंबूत नको

न्यू जर्सीतल्या आई-बाबांनो,

मुलांच्या स्काउट ट्रूपचं कॅम्पिंग जवळ आलं की आपल्या घरांत काय चालतं ते मला ठाऊक आहे. सॅक आई भरते, तंबूचे खुंटे बाबा मोजतात आणि चिरंजीव सोफ्यावर लोळत असतात. एवढं यंदा बदलू या.

कॅम्प आखायचा तो मुलांनीच. ट्रूपमधल्या प्रत्येक पेट्रोलमध्ये, म्हणजे छोट्या गटात, साधारण सहा ते आठ मुलं असतात. मेन्यू तीच ठरवतात, वर्गणी तीच काढतात, किराणा त्यांच्यातलाच कुणी आणतो आणि भांड्यांच्या पाळ्यांचा तक्ताही तीच करतात. सकाळचे पॅनकेक करपतील, करपू द्या. घरी पोळीला जरा डाग पडला तर नाक मुरडणारी मुलं तिथे निमूट खातात! शाकाहाराचंही तसंच. ‘मला वेगळा तवा लागेल’ हे आपल्या लेकराने पेट्रोलच्या बैठकीत स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. तुम्ही स्काउटमास्टरला लांबलचक ईमेल पाठवून ते साधत नाही, कारण मेन्यू त्याच्या हातात नसतोच.

खाऊ मात्र जपून द्या. या राज्याच्या एकवीसही काउंट्यांत अस्वलं दिसलेली आहेत आणि स्टोक्स स्टेट फॉरेस्ट तर त्यांचं घरच. वास येणारी कुठलीच वस्तू तंबूत ठेवायची नाही. मुलं अशा वस्तूंना ‘स्मेलेबल्स’ म्हणतात. त्यात टूथपेस्ट येते, लिप बाम येतो आणि आईने मायेने स्लीपिंग बॅगच्या तळाशी खोचलेले बेसनाचे लाडूही येतात. लाडू द्यायचेच तर साऱ्या पेट्रोलला पुरतील एवढे, उघडपणे द्या. रात्री डबा बंद गाडीत जाईल.

घरामागची लाकडंही शेकोटीसाठी पाठवू नका. ॲश झाडांचा फडशा पाडणारी एमराल्ड ॲश बोरर ही कीड 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडली आणि सरपणाबरोबर दूरदूर पोचली. लाकूड पार्कजवळच घ्यावं. मूल परत आलं की अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे आणि केसांत गोचीड नाही ना ते पाहा; लाइम रोग आपल्याकडे भरपूर आहे.

आता आपल्या वाट्याचं काम. स्टेट पार्कांमधल्या ग्रुप साइट मोजक्याच, चांगले वीकएंड कितीतरी आधी भरतात. जागा मिळाली तरी किमान दोन नोंदणीकृत, एकवीस किंवा अधिक वयाची मोठी माणसं नसतील तर ट्रिप होत नाही. 1 सप्टेंबर 2023 पासून रात्री राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंदणी लागते. त्यात पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण आलं. ‘बघू, आयत्या वेळी येतो’ आता चालत नाही. आणि आलात तरी झोपायचं वेगळ्या तंबूत. ट्रूपच्या वयाच्या मुलांना स्वतःच्या आईबाबांच्या तंबूतही झोपता येत नाही. हा नियम मला तरी फार आवडतो.

प्रशिक्षण ऑनलाइन आहे, घरबसल्या होतं. या आठवड्यात दोघांपैकी एकाने ते उरकाच, आणि ते काम बाबांचंच असं समजू नका. 2019 पासून मुलींचेही ट्रूप आहेत आणि त्यांच्या कॅम्पला एक तरी नोंदणीकृत स्त्री लागतेच.