शिरेतील नलिका : उपयोग आणि दक्षता

रुग्णालयात खाटेशेजारी टांगलेले सलाईन सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथून निघालेली नळी रुग्णाच्या हातापाशी येऊन थांबते. हाताच्या शिरेत सुई खुपसून ठेवलेली आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु तो बहुधा खरा नसतो. शिरेत राहते ती मऊ प्लॅस्टिकची एक आखूड नलिका. सुईचे काम केवळ वाट करून देण्याचे. नलिका शिरेत सरकली की सुई बाहेर काढून घेतात. या नलिकेमुळे औषध थेट रक्तात पोचते. पण ज्या वाटेने औषध जाते, त्याच वाटेने रोगजंतूही जाऊ शकतात. म्हणून नलिका घालण्याइतकेच ती सांभाळणे व वेळेवर काढणे महत्त्वाचे असते.

पूर्वेतिहास

१८३१ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रुग्णांचे रक्त तपासून असे दाखविले की, त्यातील पाणी व क्षार फार मोठ्या प्रमाणात घटलेले असतात. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि भारतातील तारायंत्राची पहिली उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली. त्याच्या निष्कर्षाचा आधार घेऊन १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा या डॉक्टराने एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर पाणी आत गेले. हरवलेली नाडी परत लागली, निस्तेज डोळ्यांत तेज आले. रुग्णाला धोका उरला नाही असे समजून लाटा निघून गेला. मात्र उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांतच ती वृद्धा दगावली. उपाय योग्य होता. त्यामागची देखरेख अपुरी पडली.

हृदयापर्यंत नलिका नेता येईल, ही कल्पना त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी प्रत्यक्षात आली. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांब नलिका आत सारली. तशाच अवस्थेत तो क्ष-किरण विभागात चालत गेला व नलिकेचे टोक हृदयात पोचल्याचे त्याने छायाचित्राने सिद्ध केले. या कार्यासाठी १९५६ साली आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर याने आणखी एक सोपी रीत शोधली. पोकळ सुईतून बारीक तार रक्तवाहिनीत सोडावयाची, सुई काढावयाची आणि तारेवरून नलिका आत सरकवून तार काढून घ्यावयाची, अशी ती रीत होय. आजही ती प्रचलित आहे.

दोन प्रकारच्या नलिका

हातापायांच्या लहान शिरांत घातली जाणारी नलिका आखूड असते. थोड्या दिवसांच्या उपचारास ती पुरते. परंतु काही तीव्र औषधे व पोषक द्रव लहान शिरेचा दाह करतात. अशा वेळी मानेतील, गळ्याच्या हाडाखालील किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून लांब नलिका घालतात. मानेतून वा गळ्याच्या हाडाखालून घातलेल्या नलिकेचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत राहते. तेथे रक्ताचा प्रवाह मोठा असल्यामुळे औषध तत्काळ विरळ होते. हिला मध्यवर्ती नलिका म्हणतात. तिचा उपयोग मोठा, तसा तिचा धोकाही मोठा.

धोका कोठून येतो ?

त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. तिच्यावर असंख्य जंतू नित्य वास करतात. तटाबाहेर असेपर्यंत ते सहसा उपद्रव देत नाहीत. नलिका त्या तटाला पाडलेली खिंड होय. जंतू नलिकेच्या बाह्य पृष्ठावरून आत सरकतात, किंवा औषध देताना न पुसलेल्या तोंडातून शिरतात. प्लॅस्टिकवर ते चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषधांना सहजासहजी दाद देत नाहीत.

दुसरा धोका हवेचा. श्वास आत घेताना छातीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो. त्या वेळी मध्यवर्ती नलिकेचे तोंड उघडे राहिल्यास हवा रक्तात ओढली जाते व प्राणावर बेतू शकते. म्हणूनच मानेतील वा गळ्याच्या हाडाखालील नलिका काढताना रुग्णाला आडवे निजवून क्षणभर श्वास रोखावयास सांगतात आणि ती जागा दाबून धरतात.

मिशिगन येथील प्रयोग

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मध्यवर्ती नलिका घालण्यासंबंधी पाच साधे नियम निवडले. हात धुणे, टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे घालून रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीन या द्रव्याने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेची जागा टाळणे, आणि गरज सरताच नलिका काढणे. यांपैकी एकही नियम वैद्यकाला नवा नव्हता. नवे होते ते इतकेच की, नियम मोडताना दिसल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, परिचारिकेनेही डॉक्टरला थांबवावे, असे ठरले.

२००४ च्या मार्चपासून मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत हे नियम अमलात आले. एका रुग्णाला एक दिवस नलिका असली तर तो एक नलिका-दिवस, अशी मोजणी केली. दर १००० नलिका-दिवसांमागे रक्तातील जंतुसंसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, सोळा ते अठरा महिन्यांनी ते १.४ वर आले. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. कोणतेही नवे औषध वा महागडे यंत्र येथे वापरलेले नव्हते.

नित्याची काळजी

नलिका घातल्यानंतरही नियम संपत नाहीत. औषध देण्यापूर्वी नलिकेचे तोंड जंतुनाशकाने घासून पुसावे व ते सुकू द्यावे. मध्यवर्ती नलिकेवरील पारदर्शक पट्टी निदान सात दिवसांनी व कापडी पट्टी दोन दिवसांनी बदलावी; ओली, मळकी वा सैल झाल्यास ताबडतोब बदलावी. नलिकेची गरज आहे काय, हा प्रश्न दररोज विचारला गेला पाहिजे.

रुग्णाचे नातलगही यात साहाय्य करू शकतात. नलिकेला स्पर्श करू नये. सुटलेली नळी स्वतः जोडण्याचा प्रयत्न करू नये. नलिकेच्या जागी लाली, सूज वा वेदना दिसल्यास, किंवा रुग्णास थंडी वाजून ताप आल्यास, परिचारिकेला तत्काळ सांगावे. ही नलिका आणखी किती दिवस ठेवावी लागेल, असे नम्रपणे विचारण्यासही संकोच करू नये.

लीथच्या त्या वृद्धेला वाचविण्यास जे अपुरे पडले ते ज्ञान नव्हे, तर सातत्य. मिशिगनमध्ये यश आले तेही नव्या ज्ञानाने नव्हे, तर ठाऊक असलेल्या गोष्टी प्रत्येक वेळी, प्रत्येक रुग्णासाठी, न चुकता केल्यामुळे.