सोसायटीचं कंपोस्ट शेतात घेताना : आधी पारख, मग पाटी



उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा भागातल्या सभासदांचा सध्या एकच प्रश्न येतोय. भाईंदर-मीरारोडच्या सोसायट्या ओल्या कचऱ्याचं खत फुकट देतायत, घ्यावं का? घ्यावं. पण पारखून.

हा विषय आपल्याला परका नाही. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती 8 लाखांवर होती, आणि एवढ्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर चढतो. दुर्गंधी, आगी आणि पावसात खाली येणारं काळं पाणी याबद्दल गावकरी वर्षानुवर्षं तक्रार करतायत. 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवायला सांगितलं. सोसायटीत खत झालं तर तेवढा कचरा डोंगरावर जात नाही. पण त्या खताला गिऱ्हाईक नसेल तर सोसायटी चार महिन्यांत कंटाळते. ते गिऱ्हाईक आपण होऊ शकतो.

हिशेब बघा. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तर 100 घरांचे रोज 50 किलो, महिन्याला दीड टन. कुजून त्याचा साधारण चौथा हिस्सा उरतो, म्हणजे 350 ते 400 किलो खत. गुंठ्याला 50 किलोप्रमाणे सात-आठ गुंठे भाजीला पुरेल.

आता पारख. पहिला प्रश्न खताबद्दल नाही, कचऱ्याबद्दल विचारा: ओला-सुका घरातच वेगळा होतो का? एकत्र कचऱ्याचं खत कितीही काळंभोर दिसलं तरी घेऊ नका, वर भाडं दिलं तरी नको. बॅटरी, ट्यूबलाइट, रंगाचे डबे यांतून शिसं, कॅडमियम उतरतं. चाळून किंवा उन्हात वाळवून ते जात नाही. पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम उचलतात. प्लास्टिक वेचून काढता येतं, हे नाही.

दुसरं, खत पिकलंय का? मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर ठीक. आंबट, सडका किंवा डोळ्याला झोंबणारा वास म्हणजे कच्चं. कच्चं खत शेतात गरम होतं, रोपाची मुळं भाजतात, आणि कुजताना जमिनीतलाच नत्र खातं. शेतकऱ्याला वाटतं खत टाकूनही पीक पिवळं का!

याहून खात्रीची परीक्षा मेथीची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत तीन भाग मातीला एक भाग खत. दोन्हीत 20-20 दाणे पेरा. सहाव्या दिवशी मोजा. साध्या मातीत 18 उगवले आणि खताच्या कुंडीत 13-14, तर तो ढीग अजून महिनाभर मुरू द्या, मग परत परीक्षा घ्या.

तिसरी गोष्ट मिठाची, आणि आपल्या पट्ट्यात हीच सगळ्यात महत्त्वाची. उरलेल्या आमटी-भाजीतलं मीठ खतात उतरतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची ईसी 4 च्या आत लागते (डेसीसायमन प्रति मीटर). प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा आधी बघा. आपली खाजणाकडची जमीन आधीच खारी, एप्रिल-मेमध्ये विहिरींचं पाणी मचूळ. त्यामुळे उन्हाळी भाजीला हे खत टाळा. पावसाच्या तोंडावर टाका, म्हणजे मीठ धुऊन खाली जाईल.

त्याच आदेशात नत्र किमान 0.8 टक्के. म्हणजे 50 किलोत 400 ग्रॅम, कागदावर पाऊण किलोहून थोड्या जास्त युरियाइतका. पण तो सगळा पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही. म्हणून युरिया एकदम बंद करू नका, माती परीक्षण बघून कमी करत जा. खरा फायदा भुसभुशीतपणाचा आणि ओल धरण्याचा आहे.

सोसायटीशी एकट्याने बोलण्यापेक्षा पाच-सहा जण मिळून बोला. टेम्पो एकच लागेल, आणि तोच टेम्पो जाताना भाजी घेऊन जाईल. खताच्या बदल्यात गेटवर आठवड्यातून एक दिवस भाजी विकायची जागा मागा. लाजू नका, त्यांची अडचणही आपण सोडवतोय. कचरा वेगळा न झाल्यास खत परत, हे आधीच लिहून घ्या.

तपासणीसाठी नमुना ढिगाच्या पाच-सहा ठिकाणांहून, वरचा थर सारून घ्या, एकत्र कालवा आणि त्यातलं अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. युरियाच्या रिकाम्या गोणीत आणू नका, अहवाल चुकतो. पिशवीवर सोसायटी, तारीख आणि ढीग किती दिवसांचा ते लिहा.