उलथनं एकच होतं

कार्तिकी एकादशीची सकाळ. नगरला चांगलाच गारठा पडला होता. सावेडीतल्या आमच्या घरात आम्ही सगळे स्वेटर घालून, आणि डेन्मार्कहून आलेली आमची सतरा वर्षांची लेक अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात, सासूबाईंच्या शेजारी ओट्यापाशी उभी. विद्यार्थी विनिमय योजनेतून ती वर्षभरासाठी आली होती. दसऱ्यानंतर आधीच्या घरातून आमच्याकडे राहायला आली. मला आई म्हणायची, सासूबाईंना आजी. त्या दिवशी तिने हौसेने उपवासही धरला होता.

तिला शेंगदाणे चालत नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. अर्जात तसं लिहिलेलं होतं, मीच वाचून सही केली होती. दिवाळीत तिचा चिवडा बिनदाण्याचा केला, चिक्कीचा डबा वरच्या फळीवर ठेवला. एखाद्याला कारलं आवडत नाही म्हणून आपण त्याला वाढत नाही, तसंच हे असेल असं मी धरून चालले. चूक माझी होती.

सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी दोन कढयांत केली. तिच्या कढईत कूट नाही, तूप-जिरं आणि ओलं खोबरं. उलथनं मात्र एकच होतं. आमची खिचडी परतून तेच तिच्या कढईत फिरलं. पात्याला चिकटलेला कूट चिमूटभरसुद्धा नसेल.

चार घास झाले आणि ती ओठ चोळायला लागली. मग मानेवर, हातांवर गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय गं पोरीला, आमसूल लाव." मी आमसुलं भिजवून तिच्या हातांवर चोळत बसले, पित्ताची गोळीही दिली. आपल्याकडे घरोघरी हेच करतात. त्यात दहा मिनिटं गेली. मग तिचा आवाज बसला, खोकल्याची उबळ आली आणि ती गळ्याला हात लावून म्हणाली, "आई, घसा बंद."

ॲड्रेनलिनची दोन तयार इंजेक्शनं तिने घरून आणली होती. ती होती वरच्या खोलीत, सॅकच्या तळाशी. माझा मुलगा धावत जाऊन घेऊन आला. तिने थरथरत्या हाताने स्वतःच मांडीत टोचून घेतलं, आमच्यापैकी कुणालाच ते येत नव्हतं. थोड्या वेळाने श्वास मोकळा झाला. दवाखान्यात तिला रात्रभर ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावरही काही तासांनी हा त्रास उलटू शकतो.

डॉक्टरांनी त्या रात्री समजावलं ते नीट लक्षात ठेवा. ॲलर्जीच्या गोळीने गांधी बसतात, सुजलेला घसा उघडत नाही. ते काम ॲड्रेनलिनचं. गांधींबरोबर आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच, इंजेक्शन द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. मुलाला चालवायचं नाही. आडवं करून पाय उंचावर ठेवायचे. श्वास घ्यायला जड जात असेल तर बसू द्यायचं. पाचेक मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं इंजेक्शन. इतकी तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने दोन जवळ ठेवायची ती यासाठी.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघर नव्या डोळ्यांनी पाहिलं. नगरकडच्या जेवणात कूट नाही असं काय आहे? भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, ठेचा, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, संक्रांतीची गूळपोळी. शिवाय आम्ही अभिमानाने वापरत होतो ते लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. रिफाइंड तेलातून शेंगदाण्यातलं प्रथिन बहुतेक निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. उपवासाचं म्हणजे साधं आणि निर्धोक, ही समजूत तर पार उलटी निघाली.

कागदपत्रांत आम्ही काटेकोर होतो. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत भरायचा नोंदणीचा फॉर्म वेळेत भरला होता. तीही कामं करायचीच आहेत. पण त्या धावपळीत आरोग्याचा रकाना नुसत्या सहीवर सुटतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तिने आठवड्याने सांगितलं तेव्हा. उलथनं दुसऱ्या कढईत गेलेलं तिने पाहिलं होतं. "आजींनी इतक्या मायेने केलं होतं, कसं सांगू?" आमच्या आग्रहाने, "अजून एक घे, माझ्या हातचं आहे" या बोलण्याने, आम्हीच तिचं तोंड बंद केलं होतं. परक्या देशात, दिवस लहान झालेले, घरची आठवण येत असलेली, त्यात भीड. असं मूल 'नको' म्हणत नाही. ते म्हणण्याची मुभा आधी आपण द्यायची असते, पुन्हा पुन्हा.

त्यानंतर ती आमच्याकडे होती तोवर घरात शेंगदाणा आला नाही. इंजेक्शनं जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसतील अशी.

तुमच्या घरी असं मूल येणार असेल तर त्याच्या अर्जातला आरोग्याचा रकाना मराठीत, मोठ्याने वाचा. आजी, कामाच्या मावशी आणि शेजारच्या काकू, तिघी समोर असताना वाचा. आणि मूल पुढच्या घरी जाईल तेव्हा त्या घरच्या बाईला स्वतः जाऊन सांगा, चिठ्ठीवर भागवू नका.